६६६

परवा मेसमध्ये कुणीतरी ६६६ वरून माझी खेचली, आणि मला आजी आठवली.

२०२१ साल. आजीच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला : लस म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, प्रकटीकरणातली, श्वापदाची खूण! ती खूण हातावर नाहीतर कपाळावर असते. "इंजेक्शन हातावरच देतात ना?" म्हणून आजी हटून बसली. शेजारचे काका त्याच महिन्यात गेले होते. मला काही सुचेना. कॉन्व्हेंटमध्ये इतकी वर्षं काढली, पण हे पुस्तक कुणी नीट उलगडून सांगितलंच नव्हतं.

मग मीच वाचायला घेतलं. अहो, हे तर पत्र आहे! पात्म बेटावरून योहानाने आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना लिहिलेलं. रोमच्या सत्तेखाली भेदरलेल्या माणसांना. आणि ६६६? हिब्रू अक्षरांना किंमती असतात. बहुतेक अभ्यासक इथे 'नेरोन कैसर' वाचतात : ५०+२००+६+५०+१००+६०+२००. करून बघा! नेरोनमधला शेवटचा 'न' गाळला तर ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरंच ६१६ आहे. म्हणजे श्वापद त्यांच्या काळातलं, त्यांच्या ओळखीचं. आपल्या दंडात शोधायचं नाही.

आजीला माझी बेरीज मुळीच पटली नाही. "पुढे वाच," म्हणाली. शेवटी देव स्वतः माणसांचे डोळे पुसतो, तिथे तिने मला थांबवलं.

"शेवट असा आहे होय? व्हिडिओत हे नव्हतं."

पुढच्या सोमवारी आधारकार्ड घेऊन ती माझ्याआधी रिक्षात बसली होती.