चाकांवरचे घर

आमच्या एका स्नेह्याने जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आतून बदलून घेतली आहे. दोन बाक, ते उलगडले की झोपायची सोय. गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि खिडक्यांना पडदे. दिवाळीच्या सुट्टीत ती आम्ही मागून घेतली. २००३ साली तेव्हाच्या औरंगाबादेत आमच्याबरोबर मराठी एम. ए. केलेले चार सोबती आज धाराशिव जिल्ह्यात विखुरले आहेत. त्यांना भेटायचे, पण कुणाच्या घरी मुक्कामाचा भार टाकायचा नाही, असा आमचा बेत होता. या बेतातल्या सौजन्याचे आम्हांला तेव्हा कौतुकही वाटले होते.

नळदुर्गच्या मित्राने पहिल्याच संध्याकाळी गाडीची किल्ली काढून घेतली. "घर असताना रस्त्यावर झोपता काय?" एवढेच तो म्हणाला आणि बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल दाखवायला घेऊन गेला. परतताना रस्त्याकडेला लमाणांचा एक तांडा लागला. तांडा म्हणजे खरे तर चालता काफिला. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख ओलांडणारा. आज त्या तांड्यात पक्की घरे आहेत, अंगणवाडी आहे. शब्द मात्र अजून प्रवासातच आहे. आम्ही सुट्टीपुरते भटके असल्याने गप्प राहिलो.

सास्तूरच्या मित्राने मात्र गाडी मनापासून पाहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. शेगडी, टाकी, पडदा, सारे हाताने चाचपत तो म्हणाला, "पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो तेव्हा मला वाटायचे, घराला चाके असावीत. जमीन हलली की आपण निघायचे." मग हसला. वर्गात भूकंपावरची कविता शिकवायची वेळ आली की तो ती दुसऱ्या कुणाला तरी देतो, हे त्याच्या पत्नीकडून कळले. त्याच्याकडे आम्ही अंगणात झोपलो. आग्रह झाला नाही, आणि न झाल्याचे वाईटही वाटले नाही.

तेरला मैत्रिणीने लामतुरे संग्रहालय फिरून दाखवले. हस्तिदंती स्त्रीमूर्तीपुढे ती बराच वेळ उभी राहिली. तशीच एक मूर्ती पॉम्पेईला सापडली आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये तेर तगर म्हणून येते : पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट, आणि तिथून भडोचला गाड्यांतून जाणारे कापड. ते गाडीवानही वाटेत कुणाच्या तरी ओसरीवर उतरत असतील. की गाडीखालीच पथारी पसरत असतील? ग्रंथकर्त्याला मालाची यादी महत्त्वाची होती. असो.

ढोकीमार्गे कळंबला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. इथला मित्र आमच्या वर्गातला सर्वांत तयारीचा विद्यार्थी. नेट झालेला, पीएच. डी. झालेला आणि आज पंचेचाळिशीत तासिका तत्त्वावर शिकवणारा. जितके तास, तितके मानधन. सुट्टीचे काहीच नाही. म्हणजे आमची दिवाळीची सुट्टी त्याच्या हिशेबात रिकामा महिना. हे ठाऊक असल्यानेच आम्ही इथे बेत कसोशीने पाळला. जेवण झाले, शेंगदाण्याच्या चटणीची तारीफ झाली, आणि तो काही बोलण्याआधीच आम्ही म्हणालो, "आम्ही गाडीतच झोपतो, सवय झाली आहे." सवय कसली? नळदुर्गला आणि तेरला आम्ही घरातच झोपलो होतो, आणि ते त्याला फोनवरून कळलेले होते.

तो क्षणभर थांबला. "बरे," म्हणाला. गाडीपर्यंत सोडायला आला, डासांची उदबत्ती ठेवून गेला. "तुमची सोय छान आहे," असेही म्हणाला. पायरीवर पाऊल मात्र ठेवले नाही. विद्यार्थिदशेत वसतिगृहाच्या एका खाटेवर आम्ही तिघे-तिघे आडवे होत असू, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्याच्याच टिपणांवर आमचे निभावत असे.

सकाळी लवकर जाग आली. पडद्याच्या फटीतून पाहिले तर वहिनी दोन गाद्या शेजारच्या घरी परत नेऊन देत होत्या. त्यांच्यावर धुतलेल्या चादरी घातलेल्या होत्या, इस्त्रीची घडी न मोडलेल्या.