गाडीखालचं लोंबतं कव्हर

मुंबईहून कोकणात गावी जाणाऱ्या कुटुंबांना एक आवाज चांगला ओळखीचा असतो. गाडीखाली काहीतरी फरफटतंय. बहुतेक वेळा ते इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर असतं, एका बाजूने सुटलेलं. गाडी चालते, म्हणून आपणही चालवत राहतो.

यंदा खेडला जाताना आमच्या गाडीचंही तेच झालं. उंच गतिरोधकावर कव्हर घासलं, पुढचे दोन क्लिप तुटले आणि कडेला वीतभर तडा गेला. भाईजान म्हणाले, "केबल टायने बांधू, गावी पोचेपर्यंत टिकेल." अम्मींनी विचारलं, "आणि सुटून मागच्या मोटारसायकलवाल्याच्या पुढ्यात पडलं तर?" आम्ही गॅरेज गाठलं.

तिथल्या चाचांनी नवं कव्हर घ्या म्हटलं नाही. गाडी जॅकवर उचलून खाली पक्के स्टँड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी शिरू नये, असं भाईजानना बजावलं. कव्हर काढून चिखल धुतला. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. वर ॲल्युमिनियमची पट्टी ठेवून, मागे रुंद वॉशर घालून रिव्हेट मारले, कारण वॉशर नसेल तर रिव्हेट प्लास्टिक फाडून निघतो. तुटलेल्या क्लिपच्या जागी नवे बसवले. पट्टी सायलेन्सरला टेकत नाही ना, तेही पाहिलं.

"काढूनच टाकलं तर?" आम्ही विचारलं. "बेटा, मग चिखलपाणी थेट इंजिनच्या पट्ट्यांवर उडणार," ते म्हणाले. "पण हे जुनं प्लास्टिक आहे. पुन्हा जोरात आपटलं तर नवंच घ्यावं लागेल." कामाची मर्यादा त्यांनी मजुरी घेण्याआधी सांगितली. व्यवहारातली सचोटी म्हणतात ती हीच.

रस्त्यातली इजा देणारी वस्तू बाजूला करणं हा सदका आहे, ही हदीस आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. मग आपल्याच गाडीतून अशी वस्तू रस्त्यावर पडू न देणं त्याआधीचं काम झालं. सुट्टीला निघण्यापूर्वी, इंजिन थंड असताना, वाकून गाडीखाली पाहावं आणि कव्हरची पुढची कड हाताने हलवून बघावी. ती हलली तर निघण्याआधी गॅरेजला जावं. सफरची दुआ तर आपण पढतोच.