हळदीकुंकू

शिक्षकाच्या धंद्यात एक मोठा धोका आहे. रोज वीसपंचवीस मुले आपल्या तोंडाकडे पाहत असतात आणि त्यांना 'मला ठाऊक नाही' असे सांगण्याची आपली सवय हळूहळू मोडून जाते. त्यातून मी पडलो मॅट्रिकपुरते शिकून कादंबऱ्या लिहिणारा माणूस. जे ठाऊक नाही ते रचून सांगण्याची मला दुहेरी खोड! या खोडीपायी गेल्या श्रावणात एका जिवाचा प्राण जाता जाता राहिला, त्याची ही हकीकत.

मढे घाटाचा पाऊस पाहण्यासाठी वेल्ह्याहून केळदकडे धावणाऱ्या मोटारी आमच्या पासलीवरून जातात. ते लोक पाऊस पाहून परत जातात. आम्ही तो चार महिने अंगावर घेतो. श्रावणात डोंगर धुक्यात बुडालेले असतात, खाचरांतून भात गुडघ्याला लागलेला असतो आणि दोरीवरचा कपडा काही वाळत नाही. अशाच एका शनिवारी तिसरीतला एक मुलगा आपली टोपी पोटाशी धरून वर्गात आला. टोपीतून बारीक 'पीप् पीप्' ऐकू येत होते.

"गुरुजी, पानकोंबडीचं पिल्लू!"

मी चष्मा सावरला. पाणकोंबडीचे पिल्लू कोळशासारखे काळे असते, त्याची चोच टोकदार आणि बोटे सुटी असतात. याची चोच चपटी होती आणि बोटांमध्ये पातळ पडदा होता. "हे बदक आहे," मी म्हणालो. इतके बरोबर होते; पण एवढ्यावर थांबेल तर तो मास्तर कसला? "पाळीव बदक. कुणाच्या तरी खुराड्यातून सुटलेलं," असेही मी ठोकून दिले. पासलीत कुणाच्याच घरी बदके नाहीत, हे काही माझ्या ध्यानात आले नाही.

पिल्लू मी घरी नेले. आमची एकुलती एक मुलगी जूनपासून शिक्षणासाठी पुण्याच्या वसतिगृहात राहते. तेव्हापासून घरात दोनच ताटे पडतात, आणि जेवताना आम्ही दोघेही विनाकारण हळू बोलतो. पत्नीने पिल्लाला ओंजळीत घेतले आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड आला. तिने दुधात पोळी कुस्करून पुढे ठेवली. मी म्हणालो, "अगं, बदकाचं पोर ते, त्याला पाणी हवं," आणि त्याला सरळ भरल्या बादलीत सोडले.

ते पोहले खरे. परंतु थोड्याच वेळात त्याची लव भिजून अंगाला चिकटली, मान वाकडी झाली आणि ते थरथर कापू लागले. पत्नीने झडप घालून त्याला बाहेर काढले, पदरात गुंडाळले आणि चुलीपाशी नेऊन बसली. ती माझ्याकडे पाहत होती. बोलत मात्र काहीच नव्हती. संसारात पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला त्या न बोलण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

रात्री शेजारच्या आजी डोकावल्या. त्यांनी पिल्लू दिव्यासमोर धरले. पाठ तपकिरी, तिच्यावर पिवळे ठिपके, तोंड पिवळसर आणि डोळ्यातून गेलेली काळी रेघ.

"मास्तर, ह्ये पाळीव न्हाई. ह्ये हळदीकुंकवाचं."

"पण आजी, याच्या चोचीवर हळद कुठे अन् कुंकू कुठे?"

"आवो, तान्ह्या पोराला मिशा आस्त्यात व्हय?"

हळदीकुंकू बदकाच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे असते आणि कपाळाशी दोन तांबडे ठिपके असतात. नर असो वा मादी, दोघांनाही हे लेणे मिळते. "आमच्यावानी न्हाई त्येंचं," आजी सहज म्हणाल्या, "नवरा ग्येला तरी कुनी पुसत न्हाई." आणि पिल्लू पत्नीच्या हाती देऊन त्या अंधारात निघून गेल्या.

रविवारी सकाळी मी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. तिथून आमच्या भागातल्या वनरक्षकाशी बोलणे झाले. तो वयाने माझ्या विद्यार्थ्याएवढा. पण त्या दिवशी विद्यार्थी मी होतो. दूध पक्ष्यांना पचत नाही आणि पोळीने नुसते पोट भरते, पोषण होत नाही. चिरलेला कोवळा पाला, बारीक गांडुळे, पाण्यातले किडे द्यावेत. पाणी उथळ ताटलीत, खडे टाकून, चोच बुडेल एवढेच असावे. आईच्या पोटाखाली पिल्लाला ऊब मिळते आणि तिच्या पिसांचे तेलही त्याच्या लवेला लागते. पोरके पिल्लू भिजले की गारठून मरते. रानपक्षी घरी ठेवणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. आणि शेवटी त्याने विचारले, "गुरुजी, याची आई कुठे दिसली होती?"

मी हे विचारलेच नव्हते!

मुलाला बोलावले. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, "आई व्हती गुरुजी. बंधाऱ्यापाशी. पन तिचा पंख मोडला व्हता. फडफडत, खुरडत ती लांब ग्येली. मला वाटलं, आता ती मरनार." फोनवर वनरक्षक हसला. पंख मोडल्याचे ते सोंग असते. शत्रूला आपल्यामागे लावून पिल्लांपासून दूर न्यायचे आणि मग उडून परत यायचे. एक आई स्वतःचा जीव पणाला लावून नाटक करीत होती आणि आम्ही त्या नाटकाला फसून तिचेच लेकरू वाचवायला घेतले होते!

त्या दिवशी पिल्लू पत्नीच्या मागे मागे फिरू लागले होते. ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेंझ यांना प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अंड्यातून बाहेर आल्यावर हंसाची पिल्ले ज्याला प्रथम पाहतात त्याच्यामागे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. बदकाच्या पिल्लांनी आपल्यामागे यावे म्हणून हा विद्वान गवतात उकिडवा बसून बदकासारखा ओरडत फिरत असे. हे मी पत्नीला हसवण्यासाठी सांगितले. ती हसली नाही. "म्हणजे आणखी चार दिवस ठेवलं, तर हे आईला विसरेल?" एवढेच तिने विचारले. नंतर पाटीवर फडके टाकून ती उठली, आणि दिवसभर पुन्हा त्याच्याशी बोलली नाही.

सोमवारी फटफटायच्या आधी आम्ही दोघे आणि तो मुलगा बंधाऱ्यापाशी गेलो. पाऊस उघडला होता. लव्हाळ्याआडून मादी निघाली, मागे पिल्ले. मुलाने हळूच हजेरी घेतली. सहा. पत्नीने पाटी काठाशी कलती केली आणि आम्ही मागे सरून बांधाआड बसलो. पिल्लू ओरडले. मादी थबकली, मान उंच करून तिने हलकेच साद घातली. पाण्यावर एक बारीक रेघ उमटत गेली आणि सहाची सात झाली.

परतताना पत्नी म्हणाली, "अहो, दिवाळीच्या सुटीला अजून दोन महिने आहेत. आज हिला फोन करू." मी मान हलवली.

दुपारी वर्गात त्या मुलाने हात वर केला. "गुरुजी, दोन दिस कुठं व्हतास, आसं आई त्याला इचारंल का?"

चारपाच उत्तरे जिभेवर आली, सगळी रचलेली. मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "बाळ, मला ठाऊक नाही."