संरक्षक पोशाख उतरवण्याचे शिक्षण

संसर्गजन्य आजाराच्या साथीत रुग्णालयीन कर्मचाऱ्यांना व्यक्तिगत संरक्षणाचे जे प्रशिक्षण दिले जाते, त्यात पोशाख घालण्यापेक्षा तो उतरवण्याला अधिक वेळ द्यावा लागतो. कारण रुग्णांमध्ये तासन्‌तास वावरलेल्या पोशाखाची बाहेरची बाजू दूषित असल्याचे गृहीत धरावे लागते आणि घामाने निथळणारा, तहानलेला कर्मचारी तो घाईने ओढून काढू लागला, की तोवर बाहेर अडवलेला रोगजंतू त्याच्याच हातांनी त्याच्या डोळ्यांपर्यंत व तोंडापर्यंत पोहोचू शकतो. २०१४ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे इबोलाच्या एका रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाली, तेव्हा त्या देशाच्या रोगनियंत्रण केंद्राने २० ऑक्टोबर रोजी आपल्या सूचना बदलल्या आणि वारंवार सरावाबरोबरच, पोशाख घालताना व उतरवताना प्रशिक्षित निरीक्षकाने प्रत्येक टप्प्यावर लक्ष ठेवावे, असे स्पष्टपणे सांगितले.

प्रस्तुत लेखकाचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आला तो २०२० च्या उन्हाळ्यात, जिल्हा पातळीवरील एका सार्वजनिक रुग्णालयात कोविड कक्षासाठी कर्मचारी तयार करताना. कोविडचा प्रसार मुख्यतः श्वासावाटे होत असल्याने तेथे सर्वांत निर्णायक वस्तू एन-९५ मास्क हीच होती. हा मास्क अतिसूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के कण अडवतो, मात्र त्याची कड चेहऱ्याला सर्व बाजूंनी घट्ट बसली तरच. म्हणून दोन्ही तळहात मास्कभोवती धरून जोराने उच्छ्वास सोडायचा आणि कडेने हवा निसटली तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबायची, ही तपासणी प्रत्येकाकडून करवून घेतली जात असे. दाढी राखलेल्या कर्मचाऱ्यांना ती काढण्यास सांगणे त्या मानाने सोपे गेले.

बांगड्यांचा प्रश्न अधिक नाजूक होता. हातमोजे फाटू नयेत आणि मनगटापर्यंत हात नीट धुता यावेत म्हणून दागिने उतरवणे आवश्यक असते. परंतु सफाईचे व रुग्णसेवेचे काम करणाऱ्या, कक्षात ज्यांना सगळे ‘मावशी’ म्हणत, त्या स्त्रियांपैकी अनेकींच्या दृष्टीने भरल्या संसारात हात मोकळे करणे अशुभ होते, आणि घरी सासू काय म्हणेल ही धास्ती वेगळीच. नियमावली वाचून दाखवल्याने हा पेच सुटला नाही. इन्चार्ज सिस्टरने सर्वांसमोर आपल्या बांगड्या आणि मंगळसूत्र उतरवून कपाटात ठेवले, ड्युटीनंतर ते पुन्हा घालता येईल अशी किल्लीची सोय करून दिली, त्यानंतर मावशींनीही एकेक करून तेच केले. प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत अशा गोष्टींना जागा नसते. ती असावयास हवी.

किटचा त्या वेळी तुटवडा असल्याने सराव साध्या रेनकोटवर घ्यावा लागला. हातमोज्यांना व छातीवर कुंकवाचे पाणी लावायचे, तोच रोगजंतू असे मानायचे आणि पोशाख उतरवून झाल्यावर लाल डाग कोठे उमटले ते आरशात पाहायचे, अशी ही पद्धत होती. डाग बहुधा मानेवर, कानामागे आणि मनगटाच्या आतल्या बाजूस सापडत. ज्येष्ठ डॉक्टरांच्या गळ्यावरही ते सापडले, आणि तासाभराच्या व्याख्यानाने जे पटले नव्हते ते तेथे क्षणात पटले. क्रम त्यानंतरच मनावर घेतला गेला: आधी बाहेरचे हातमोजे, मग बाहेरची बाजू आत गुंडाळत अंगावरचा पोशाख, मग गॉगल, आणि मास्क अगदी अखेरीस, समोरच्या भागाला हात न लावता, आधी खालची व मग वरची पट्टी डोक्यामागून सोडवून. प्रत्येक टप्प्यानंतर हातांवर सॅनिटायझर चोळायचे, मग कितीही कंटाळा येवो. मास्क व टोपी पिवळ्या पिशवीत आणि गॉगल व नायट्राइलचे हातमोजे लाल पिशवीत टाकण्याचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा नियम त्या मानाने लवकर अंगवळणी पडला.

खरी अडचण निरीक्षकाच्या नेमणुकीत आली. पोशाख उतरवण्याच्या खोलीत जो समोर उभा राहील त्याने चुकणाऱ्याला जागच्या जागी थांबवायचे असते. पण रुग्णालयातील उतरंड अशी, की सफाई कामगाराने डॉक्टरांना टोकणे ही कल्पनाच कोणाला सहन होईना. कुंकवाच्या सरावात ज्यांच्या अंगावर सर्वांत कमी डाग पडले, त्यांत मात्र दोन मावशी होत्या आणि निरीक्षक म्हणून त्यांचीच निवड करण्याचा आग्रह धरण्यात आला. त्यांपैकी एकीने पहिल्याच पाळीत “सर, थांबा, मास्कला हात लावू नका, आधी हात पुसा,” असे खणखणीत आवाजात सांगितले. संबंधित डॉक्टर क्षणभर चपापले, पण थांबले. त्यानंतर, त्या खोलीत निरीक्षकाचा शब्द पदाचा विचार न करता पाळावा, अशी लेखी सूचना दारावर लावण्यात आली आणि निरीक्षकाची ड्युटी वेळापत्रकात स्वतंत्रपणे दाखवली जाऊ लागली. त्या दोघी कंत्राटी कामगार होत्या, आणि या जबाबदारीचा वेगळा मोबदला त्यांना मिळाला नाही; तो मिळावा यासाठी केलेल्या लेखी मागणीला उत्तरही आले नाही.