जुन्या स्लॅबची खडी

३ फेब्रुवारी
पाडकामाचं काँक्रीट आलं. सळया भंगारवाल्यानं आधीच काढून नेलेल्या. ढिगात बाथरूमच्या टाइल्स, विटा, जिप्समची पांढरी भुकटी. जिप्समची धास्ती. त्यातलं सल्फेट काँक्रीटला आतून फुगवतं.

४ फेब्रुवारी
दिवसभर निवडणी. निवडणाऱ्या मावश्यांच्या नजरेतून जिप्समचा चुरासुद्धा सुटत नाही.

५ फेब्रुवारी
जुन्या तुळईच्या ताज्या तुटक्या तोंडावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. आत गर्द गुलाबी. कडेची दोन बोटं बिनरंगाची. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं तिथली अल्कता खाल्लेली. सळया गंजल्या त्या तिथेच.

६ फेब्रुवारी
क्रशरमधून निघालेला खडा हातात घेतला. आत काळा बसाल्ट, अंगावर जुन्या मॉर्टरची करडी साल. घासली तर थोडी निघते, बाकी घट्ट. सगळी अडचण हिचीच. पाणी पिते. शोषण पाच टक्क्यांच्या वर. खडीचं भारतीय मानक आयएस ३८३ दहापर्यंत चालवून घेतं, पण खडी आधी भिजवायची.

७ फेब्रुवारी
स्ट्रक्चरल सल्लागारांचा फोन. ‘कॉलमला ही खडी नको.’ कॉलमसाठी आम्ही मागतच नाही. आरसीसीत एम २५ ग्रेडपर्यंतच परवानगी, तीही एकूण खडीच्या २० टक्क्यांची. आम्हाला प्रीकास्ट लिंटेल करायचे आहेत. ते म्हणाले, ‘आधी चाचणीच्या क्यूबची ताकद दाखवा.’ रास्त आहे.

९ फेब्रुवारी
खडी भिजत घातली.

१० फेब्रुवारी
एम २५, २० टक्के जुनी खडी. शेजारी कोरड्या खडीचा घाणाही मुद्दाम केला. अर्ध्या तासात त्याचा स्लम्प, म्हणजे पातळपणा, निम्म्यावर. भिजवलेल्याचा फारसा हलला नाही. क्यूब भरले.

१७ फेब्रुवारी
सात दिवसांचे क्यूब फोडले. आकडे बरे. आज झोप लागेल.

२४ फेब्रुवारी
खाणीच्या रस्त्यानं आले. नव्या खडीसाठी डोंगराची आणखी एक बाजू कापली. पोटात तुटतं.

९ मार्च
उद्या अठ्ठावीस दिवस. जेवण गेलं नाही.

१० मार्च
सरासरी ३२ मेगापास्कलच्या वर! एम २५ साठी ३१.६ गाठायचं होतं. फुटलेला क्यूब उलटसुलट करून पाहिला. तडा बहुतेक जागी सालीतूनच गेलेला. आकुंचनाची मोजणी बाकी आहे, ती सोडायची नाही.

१२ मार्च
लिंटेलला मंजुरी.
पुनर्विकासाला निघालेल्या प्रत्येक सोसायटीला कळकळीचं सांगणं: पाडकामाच्या करारात एक कलम घाला. जिप्सम, टाइल्स, विटा, लाकूड आधी उतरवा. काँक्रीट शेवटी, वेगळं तोडा. सरमिसळ झालेला राडारोडा भरावालाच जातो. वेगळं ठेवलेलं काँक्रीट पुन्हा घर उचलतं.