हातचा एक

अमेरिकेत मुलांचं शाळेत नाव घालताना ‘होम लँग्वेज सर्व्हे’ नावाचा एक कागद भरावा लागतो. मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोललं, घरात कोणती भाषा बोलतात, असे तीन-चार प्रश्न असतात. आपल्यातल्या अनुभवी आया नव्या आईला बाजूला घेऊन सांगतात, “इंग्रजी लिहून टाक गं, नाहीतर परीक्षा घेतील आणि वेगळ्या तासाला बसवतील.” मी मराठीच लिहिलं. परीक्षा झाली, लेक पास झाली, विषय संपला. पण कागदावर लिहिलेल्या त्या भाषेचं शाळा पुढे काय करते, हा प्रश्न मनात राहिला.

आमच्या गावातली ही सरकारी शाळा स्पॅनिश-इंग्रजी आहे. वर्गातली निम्मी मुलं स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली, निम्मी बाकीची. लेकीचा नंबर सोडतीत लागला आणि आता ती दुसरीत आहे. सोलापूरला मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. इथे व्हिसामुळे नोकरी करता येत नाही, पण बिनपगारी मदतीला कुणाची ना नसते. म्हणून गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सलग पाच दिवस मी वर्गात जाऊन बसले.

सोमवारी शाळेचा नियम समजला. दोन खोल्या, दोन शिक्षिका. निळ्या अक्षरांच्या खोलीत इंग्रजी, लाल अक्षरांच्या खोलीत स्पॅनिश. दाराला, घड्याळाला, कचऱ्याच्या डब्यालासुद्धा त्या त्या रंगाची चिठ्ठी. अर्धा दिवस इथे, अर्धा तिथे, जेवणानंतर अदलाबदल. लाल खोलीतल्या बाईंना मुलं ‘माएस्त्रा’ म्हणतात, नाव न घेता, अगदी आपल्या ‘बाई’सारखं. माएस्त्रा मुलांसमोर इंग्रजीचा एक शब्दही काढत नाहीत. हातवारे करतील, चित्र काढतील, उड्या मारून दाखवतील, पण भाषा बदलणार नाहीत. त्यांना इंग्रजी येतच नाही, अशी वर्गातल्या निम्म्या मुलांची पक्की समजूत आहे.

मंगळवारी लाल खोलीत गणित होतं. सदतीस अधिक पंचवीस. सात नि पाच बारा, दोन लिहिले आणि माएस्त्रा म्हणाल्या, “मे येवो उना.” म्हणजे एक मी बरोबर घेऊन जाते. आपला हातचा एक! सदतीसला स्पॅनिशमध्ये ‘तीस आणि सात’ म्हणतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्याच पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ असं वाचायची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता ते आठवलं. आमची लेक सकाळी इंग्रजीत, दुपारी स्पॅनिशमध्ये आणि संध्याकाळी पाढे म्हणताना मराठीत आकडे मोजते. तिला कशाचंच काही वाटत नाही.

लेकीच्या शेजारी ग्वातेमालाहून नुकताच आलेला एक मुलगा बसतो. निळ्या खोलीत तो मान खाली घालून असतो. लाल खोलीत मात्र दर पाच मिनिटांनी कुणीतरी त्याच्या बाकाशी जातं, कारण माएस्त्रा काय म्हणाल्या ते त्याला हमखास कळलेलं असतं. अर्धा दिवस तो विचारणारा आणि अर्धा दिवस सांगणारा. एवढ्यासाठी ही सगळी मांडणी आहे, असं मला वाटलं.

बुधवारी मधल्या सुट्टीत मैदानावर माझी पाळी होती. तिथे लाल नाही, निळा नाही, सगळी मुलं इंग्रजीत भांडत होती. स्पॅनिश घरांतलीसुद्धा. हे काही आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इथली अशी पहिली सरकारी शाळा म्हणजे मायामीची कोरल वे. क्युबातल्या क्रांतीनंतर हजारो कुटुंबं मायामीत आली आणि १९६३ साली फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने या शाळेत दोन्ही भाषांतून शिकवणं सुरू झालं. स्पॅनिश घरांतली मुलं दोन्ही भाषांत तयार झाली. इंग्रजी घरांतल्या मुलांची स्पॅनिश मात्र त्या मानाने मागे राहिली. शाळेबाहेरच्या जगाला त्यांच्या स्पॅनिशची गरज नव्हती.

त्या शाळेतली आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. तिथे मदतनीस म्हणून लागलेल्या कित्येक बायका क्युबात शिकलेल्या, शिक्षिकेची नोकरी केलेल्या होत्या. इथे त्यांच्या पदव्या चालत नव्हत्या, पण त्यांची भाषा चालली. मायामीच्या त्याच डेड काउंटीत १९८० मध्ये मतदारांनी इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेवर सरकारी पैसा खर्च करायला बंदी घातली. ती उठायला १९९३ उजाडलं. कोरल वेमधली स्पॅनिश मात्र चालूच राहिली.

गुरुवारी वर्गात मेक्सिकोच्या मृतांच्या सणाची मांडणी होती. पितरांचे फोटो, गोड पाव, मेणबत्त्या आणि झेंडूच्या राशी. एका मुलाची आजी मिचोआकानहून आलेली, ती गोष्ट सांगत होती. तिला इंग्रजी खरोखरच येत नाही. तिच्यासाठी सगळा वर्ग पुढे सरकून बसला. तिने फुलाचं नाव सांगितलं, सेम्पासूचिल. लेकीने हात वर केला आणि स्पॅनिशमध्ये म्हणाली, “हे आमच्या दिवाळीला असतं. आम्ही झेंडू म्हणतो.” माएस्त्रांनी तिला फळ्यापाशी बोलावलं. तुझ्या अक्षरांत लिही, म्हणाल्या. लाल आणि निळा खडू ठेवून हिरवा दिला. लेक ‘झ’पाशी बराच वेळ थांबली. मग तिने ‘झेडू’ लिहिलं. अनुस्वार राहिला, तो मी घरी आल्यावर सांगितला.

झेंडूचं माहेर मेक्सिकोच. तिथून जगभर फिरून तो आपल्या तोरणात येऊन बसला. आणि सेम्पासूचिल हा शब्दही मूळ स्पॅनिश नाही. स्पॅनिश लोक पोचण्याआधीपासून तिथे असलेल्या नाउआत्ल भाषेतला तो शब्द त्या आजींच्या तोंडी अजून आहे.

त्या दुपारी मला सोलापूरचा वर्ग आठवला. पूर्वभागातली, विणकरांच्या घरची, तेलुगू बोलणारी मुलं आमच्या मराठी शाळेत यायची. सुरुवातीचे महिने गप्प असायची आणि दिवाळीनंतर फाडफाड मराठी बोलायला लागायची. सगळ्यांना आनंद व्हायचा. त्यांच्या तेलुगूला मात्र वर्गात काहीच काम नसायचं. पुस्तकात, वेळापत्रकात, परीक्षेत तिला कुठेच जागा नव्हती. कुणी तिला हाकलत नव्हतं, फक्त कुणाचं तिच्यावाचून अडत नव्हतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मुलं लांब गेली, तेव्हा माएस्त्रा माझ्याशी इंग्रजीत बोलल्या, तेही आवाज खाली करून. मी हसले. त्या म्हणाल्या, “मला इंग्रजी येतं हे त्यांना कळलं, की माझ्याशी स्पॅनिश बोलायचं कारणच उरणार नाही.”

आपल्याकडे रविवारच्या मराठी शाळा आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम आहे, पुस्तकं आहेत, शनिवारी रात्री जागून तक्ते करणारे आईबाबा आहेत. हे सगळं हवंच. बाराखडी तिथेच येते. नाहीतर त्या फळ्यावर ‘झे’ तरी कुठून उमटला असता? पण बोलायला कारण लागतं, आणि ते आठवड्यातल्या दोन तासांत सापडत नाही. माझ्याशी लेक अर्धं इंग्रजीत बोलते, कारण मला इंग्रजी येतं हे तिला माहीत आहे. सोलापूरच्या आजीला फोन लागला की पूर्ण मराठी. अडखळते, ‘ती भिंत’चं ‘तो भिंत’ करते, शब्द नाही सापडला तर वस्तू कॅमेऱ्यासमोर धरते. पण बोलते, कारण तिथे दुसरा इलाज नाही.

म्हणून हा अंक भारतात वाचणाऱ्या आजी-आजोबांना, काका-मावश्यांना एक विनंती. नातवंडांना सोपं जावं म्हणून तुम्ही फोनवर हौसेने इंग्रजी बोलता, त्यामागची माया कळते. पण ते बोलू नका. ‘मला नाही बाई समजत, मराठीत सांग’ असं खुशाल म्हणा. मूल दोन मिनिटं कुरकुर करेल, मग सांगेल. आणि सांगायला काहीतरी खरं काम द्या. तिकडच्या थंडीत काय घालतेस, चकली बिघडली तर कशी झाली, शेजारचा मुलगा का रुसला, हे तिलाच विचारा, तिच्या आईला नको. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ फोन ठेवू नका.