विमान जमिनीवर चालते तेव्हा

काळेवाडी फाट्यावर संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहून बघा. पीएमपीच्या बसेस, रिक्षा, कंपनीच्या गाड्या, सुट्या भागांनी भरलेले टेम्पो... प्रत्येकाला आधी जायचं असतं! त्यातच एखादा लांबलचक कंटेनर वळायला लागतो. पुढचं तोंड वळलं, तरी मागची शेपटी कुठे घासेल ते ड्रायव्हरला नीट दिसत नाही. मग क्लीनर खाली उतरतो आणि ओरडतो, "येऊ द्या, येऊ द्या... बस!"

बालमित्रांनो, अशीच पंचाईत विमानाचीही होते, आणि तीही आकाशात नाही, तर चक्क जमिनीवर!

काळेवाडीहून पिंपरी, नाशिक फाटा, भोसरी, दिघी, विश्रांतवाडी असे करत गेले की वीसेक किलोमीटरवर लोहगावचा विमानतळ लागतो. मुळात हा हवाई दलाचा तळ. आजही सुखोई लढाऊ विमाने आणि आपली प्रवासी विमाने एकच धावपट्टी वापरतात. प्रवासी चढले की विमान लगेच उडत नाही. आधी ते उभ्या जागेपासून धावपट्टीपर्यंत चाकांवर सावकाश चालत जाते. याला 'टॅक्सी करणे' म्हणतात.

ऐकायला सोपे, पण करायला अवघड! एअरबस ए-३२० विमान या टोकापासून त्या टोकापर्यंत पंखांसकट सुमारे ३५ मीटर रुंद असते. काही मोठ्या विमानांत तर वैमानिकाला आपल्याच पंखांची टोके खिडकीतून दिसत नाहीत. उभ्या जागेवरून मागे सरकायचे, तर टग नावाचा ट्रॅक्टर त्याला ढकलतो. शिवाय आसपास सामानाच्या गाड्या, इंधनाचे टँकर आणि जिपा यांची ये-जा चालूच असते.

१६ मे २०२४ ला लोहगावातच काय झाले बघा. एअर इंडियाचे दिल्लीला निघालेले विमान सुमारे १८० प्रवासी घेऊन धावपट्टीकडे चालले होते. वाटेत त्याची एका टग ट्रॅक्टरशी टक्कर झाली आणि विमानाच्या नाकाला इजा झाली. सुदैवाने सगळे प्रवासी सुखरूप होते. त्याच वर्षी २७ मार्चला कोलकात्यात एक विमान धावपट्टीवर जाण्याच्या परवानगीची वाट पाहत उभे होते. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या विमानाचा पंख त्याच्या पंखाला घासला. माणसांना काही झाले नाही, पण दोन्ही विमानांचे उड्डाण थांबवावे लागले.

"एवढंसं घासलं तर काय बिघडलं?" असे तुम्ही म्हणाल. पण विमानाच्या पंखांत इंधन भरलेले असते! म्हणून छोटासा धक्का बसला, तरी इंजिनियरने कसून तपासल्याशिवाय ते विमान उडवत नाहीत.

आणि धक्का मोठा असला तर? २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुके होते. दोन प्रचंड जंबो विमाने एकाच धावपट्टीवर होती. एक अजून टॅक्सी करत होते. दुसऱ्याच्या कप्तानाला वाटले, आपल्याला परवानगी मिळाली, आणि त्याने वेग घेतला. त्या टकरीत ५८३ माणसे गेली. रेडिओवरचे बोलणे नीट समजले नाही, हे त्याचे एक मोठे कारण होते.

त्या अपघाताने जगाला धडा शिकवला. आता 'टेक-ऑफ' हा शब्द रेडिओवर उगाच वापरत नाहीत. उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच तो उच्चारायचा. धावपट्टीवर जाण्याचा किंवा तिच्या अलीकडे थांबण्याचा हुकूम मिळाला, की नुसते "बरं" म्हणून चालत नाही. वैमानिकाने तो शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा आणि टॉवरने कान देऊन ऐकायचा. विमानाच्या वाटेवर पिवळी रेघ आखलेली असते, रात्री तिच्या कडांना निळे दिवे लागतात. विमान जागेवर लावताना समोर एक माणूस हातात काठ्या घेऊन खुणा करतो. गर्दीच्या ठिकाणी पंखांच्या टोकांशीही माणसे चालतात. म्हणजे आपला क्लीनरच की हो!

इतके असूनही शंका आली तर? नियम एकच : जागच्या जागी थांबायचे आणि विचारायचे. शेकडो माणसांचा कप्तान असला, तरी त्याला "मला समजलं नाही, परत सांगा" असे म्हणायला लाज वाटता कामा नये. वर्गात हात वर करायला लाजणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे!

कधी विमानात बसलात आणि ते उडायच्या आधीच मध्येच थांबले, तर आजूबाजूची मोठी माणसे कुरकुरतील, "आता काय झालं याला?" तेव्हा तुम्ही त्यांना हळूच सांगा, "काका, कुणीतरी कुणाला तरी वाट देतंय. थांबू दे त्याला."